दोन झाडांमधलं अंथरूण

शुक्रवारी रात्री पार्ले स्टेशनच्या फलाटावर पाठीला सॅक लावलेली चार-सहा पोरं हमखास दिसतात. दादरला उतरायचं, पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या बाजूला जायचं आणि शेवटची कसारा नाहीतर कर्जत पकडायची, हा त्यांचा ठरलेला रस्ता. पूर्वी या सॅकच्या बाहेर गुंडाळलेली निळी-काळी कॅरीमॅट असायची, फार तर एखादं पातेलं लटकत असायचं. अलीकडे त्यात एका पिशवीची भर पडली आहे. सोललेल्या नारळाएवढी, चकचकीत कापडाची, तोंडाला नाडी असलेली. तिच्यात असतो हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधून आत झोपायची झोळी.

सह्याद्रीत हे प्रकरण उशिरा पोचलं, त्याला कारण आहे. इथे मुक्काम म्हटला की गुहा, देऊळ किंवा गावातल्या कुणाची तरी पडवी. हरिश्चंद्रगडाच्या गुहा, राजमाचीच्या उधेवाडीतलं सारवलेलं अंगण, गडावरचं एखादं छप्पर शाबूत असलेलं मंदिर. एवढं असताना तंबू तरी कोण वाहून नेणार? पण शनिवारी रात्री गुहेत पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली, पवना आणि भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची गावं वसली आणि ज्यांना त्या गर्दीपासून दूर निजायचं होतं त्यांची नजर झाडांकडे वळली.

झोळी मात्र आपल्याला नवी नाही. शेतात निंदणी चालू असताना बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यात तान्हं मूल निजवलेलं कुणी पाहिलं नसेल? ऊसतोडीच्या फडावर, इमारतीच्या बांधकामावर, पार्ल्यातल्या पुनर्विकासाच्या खड्ड्याशेजारीसुद्धा ती दिसते. दूरच्या पाड्यावरून आजाऱ्याला रस्त्यापर्यंत आणायची झोळीही तीच, फक्त झाडांच्या जागी बांबू आणि दोन खांदे. कापडाची दोन्ही टोकं चुण्या घालून एकत्र आवळायची आणि मधला भाग फुगू द्यायचा, ही त्या लुगड्याची रचना आणि आजच्या महागड्या हॅमॉकची रचना यांत तत्त्वाचा काडीचा फरक नाही. झोळीत हवा खेळावी म्हणून आया मध्ये आडवी काठी घालतात. तान्ह्याला ते ठीक, पण रिसॉर्टच्या हिरवळीवर दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावलेला जो जाळीचा झोपाळा असतो, तो मोठ्या माणसाला रात्रभर झोपायला कामाचा नाही. दांड्यांमुळे कापड सपाट ताणलं जातं, वजन वर राहतं आणि कूस बदलली की माणूस खाली. शिवाय दांडे सॅकमध्ये मावत नाहीत. खरेदीला निघालेल्याने हा प्रकार पहिल्याच फेरीत बाद करावा.

हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांच्या ‘हामाका’वरून आला. ऑक्टोबर 1492 मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं सुती जाळ्यांत झोपलेली त्याने पाहिली आणि रोजनिशीत तशी नोंद केली. दमट हवा, ओली जमीन आणि तिच्यावर सरपटणारं सगळं काही, यांवरचा तो तोडगा होता. शंभरेक वर्षांनी, 1597 मध्ये, इंग्रजी आरमाराने आपल्या खलाशांसाठी हीच झोळी अधिकृतपणे स्वीकारली. जहाज डुललं की झोळी आपली आपण सरळ राहते, आणि सकाळी गुंडाळून ठेवली की तोफांना जागा मोकळी. एका खलाशाच्या वाट्याला झोळी टांगायला 14 इंच रुंदीची जागा येई. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याला त्या खलाशाबद्दल सहानुभूती वाटायला हरकत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन करून ठेवलेलं आहे. त्याच्या काळचे खलाशीही असेच टांगून झोपत.

कॅम्पिंगच्या हॅमॉकचा खरा पूर्वज मात्र युद्धातला आहे. अमेरिकी लष्कराने दुसऱ्या महायुद्धात जंगलात लढणाऱ्या सैनिकांसाठी 1942 सालचा एक नमुना काढला. त्यात खाली झोळी, बाजूंनी मच्छरदाणीचं कापड आणि वर पाणी न झिरपणारं छप्पर असं सगळं एकत्र शिवलेलं होतं. त्याच काळात जपानी रेशीम बंद झालं आणि पॅराशूटसाठी नायलॉन आलं. वॉलेस कॅरोदर्सने 1935 मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तयार केलेला हा धागा हलका, चिवट आणि झटकन वाळणारा निघाला. आज दुकानदार ‘पॅराशूट नायलॉन’ म्हणून जे कापड दाखवतो, त्याचं कूळ हे.

त्या कापडाच्या लेबलावर एक आकडा असतो: 20, 40 किंवा 70 डेनियर. हे डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. पार्ल्याहून रुळांच्या कडेने दादरपर्यंत एक धागा अंथरला तर जवळपास तेवढंच अंतर होईल, आणि तो धागा 70 डेनियरचा असेल तर गुंडाळून त्याचं वजन भरेल सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम, म्हणजे पार्ले-जीच्या छोट्या पुड्याच्या आसपास. (पार्ल्यातला तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला, तरी स्टेशनाजवळून जाताना जुन्या पार्लेकराचं नाक अजून त्या वासाची वाट बघतं.) आकडा जितका लहान, तितकं कापड तलम आणि हलकं. सव्वातीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशा झोळीला पाचेक चौरस मीटर कापड लागतं. सत्तर डेनियरच्या साध्या नायलॉनमध्ये ती साधारण 300 ग्रॅम भरते, चाळीसच्या ‘रिपस्टॉप’मध्ये 250च्या पुढेमागे आणि वीसमध्ये दोनशेच्याही खाली. रिपस्टॉप म्हणजे ज्या कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट विणलेली असते ते. भोक पडलं तरी चीर पुढच्या जाड धाग्यापाशी अडते.

मग वीस डेनियरचीच घ्यावी? करवंदीच्या जाळीतून सॅक ओढत जाणाऱ्या माणसाने नाही. पन्नास-साठ किलो वजनाच्या आणि सामान जपून वापरणाऱ्या ट्रेकरला चाळीस डेनियर पुरतं. ऐंशीच्या पुढचा माणूस असेल, किंवा घरातली तीन पोरं एकदम तिच्यात उड्या मारणार असतील, तर सत्तर. शंभर ग्रॅम वाचवण्यासाठी मधरात्री जमिनीवर यावं इतकं काही वजन महाग नसतं. तेवढं तर पाण्याच्या बाटलीतले दोन घोट कमी केले की वाचतं.

हलकेपणाचा खरा घोळ पुढे आहे. जाहिरातीतला ‘फक्त 300 ग्रॅम’ हा आकडा नुसत्या कापडाचा असतो. त्यात झाडाला बांधायचे पट्टे आणि कड्या मिळवल्या की आणखी 250-300 ग्रॅम. मच्छरदाणी 350-400. पावसासाठी वर तीन बाय तीन मीटरचं हलकं सिलिकॉन-नायलॉनचं छप्पर घेतलं तर 450. त्याच मापाची बाजारातली निळी ताडपत्री सहज किलोभर भरते. छपराच्या दोऱ्या आणि खुंट्या दीडशे, पाठीखाली घालायची मॅट तीनशे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे सगळं एकेक करून ठेवलं की बेरीज पावणेदोन ते दोन किलोंच्या घरात जाते. दोघांचा साधा तंबू अडीच ते तीन किलोंचा असतो आणि तो दोघांत वाटून घेता येतो. म्हणजे जोडीने जाणाऱ्यांना हॅमॉक हलका पडतो हा समज बेरजेत टिकत नाही. फायदा होतो तो एकट्याला, आणि कोरड्या दिवसांत. फेब्रुवारीत छप्पर घरी ठेवलं, डास नसलेल्या ठिकाणी मच्छरदाणीही ठेवली, तर सगळं अंथरूण किलोच्या आत बसतं.

टिकाऊपणाबाबतही ग्राहकाचं लक्ष भलतीकडे असतं. तो कापड चिमटीत धरून ओढून बघतो. झोळी फाटते ती क्वचित, सुटते किंवा तुटते ती टोकांशी. आणि टोकांवर किती ताण येणार हे झोळीच्या किमतीवर नसून बांधणाऱ्याच्या हातावर असतं.

गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी आठवावी. कितीही करकचून बांधा, ओली चादर टाकली की ती मध्ये झुकतेच. न झुकलेली दोरी हवी असेल तर तिला अमर्याद ओढावं लागेल, आणि त्याआधी खिळाच भिंतीतून बाहेर येईल. झोळीचं गणित हेच. सत्तर किलोचा माणूस आत पहुडला आणि दोन्ही पट्टे आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असले, तर प्रत्येक पट्ट्यावर बरोबर सत्तर किलोंचा ताण येतो. कोन वीस अंशांवर आणला की तो शंभरापलीकडे जातो, दहावर दोनशेपलीकडे. आणि नवखा माणूस ‘मस्त टाईट’ म्हणून जवळजवळ सरळ, म्हणजे पाच अंशांवर ताणतो, तेव्हा प्रत्येक टोक चारशे किलोंनी खेचलं जात असतं. हा शांत पडून राहिलेल्या माणसाचा हिशेब झाला. धपकन बसणाऱ्याचा याहून वाईट. तीच झोळी, तोच माणूस, ताण मात्र जवळजवळ सहापट.

तीस अंश मोजायला कंपास नको. पट्टा तिरका जेवढा लांब, त्याच्या निम्म्याने त्याचं झाडाकडचं टोक वर असलं की कोन बरोबर जमला. दीड मीटर पट्टा असेल तर पाऊण मीटर चढ. झाडं चार-पाच मीटर अंतरावर, पट्टा डोक्याच्या उंचीवर आणि बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीला, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे. झोळी अशी सैल, केळ्याच्या आकाराची टांगली की नवखे हसतात: यात पाठ मोडणार! मोडत नाही, कारण झोळीत सरळ रेषेत झोपायचंच नसतं. डोकं थोडं डावीकडे, पाय थोडे उजवीकडे, असं तिरकं झोपलं की कापड अंगाखाली बऱ्यापैकी सपाट होतं. ब्राझीलपासून युकातानपर्यंत जिथे घरोघरी झोळीत झोपतात, तिथे हीच रीत आहे. तिरकं झोपायला लांबी लागते, म्हणून साडेआठ-नऊ फुटी झोळी स्वस्त दिसली तरी साडेपाच फुटांहून उंच माणसाने दहा-अकरा फुटांचीच घ्यावी. ‘डबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोळ्यांत वाढवलेली असते ती रुंदी. दोघे एकत्र आत गेले की दोघेही मध्यावर घरंगळतात आणि सकाळपर्यंत मैत्रीची परीक्षा होते.

पट्ट्यांकडे वळायचं तर इथे पार्ल्याचा धागा आपोआप हाती येतो. पश्चिम द्रुतगती मार्गापाशी पार्ले पूर्वेला गरवारे हाऊस उभं आहे. आबासाहेब गरवाऱ्यांनी उभारलेल्या उद्योगांपैकी पॉलिएस्टर फिल्म बनवणाऱ्या कंपनीची ही कचेरी. याच घराण्याच्या वाई आणि पुण्याच्या कारखान्यांतून दोर आणि मासेमारीची जाळी निघतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर हे दोघे दिसायला सख्खे भाऊ, पण स्वभाव वेगळे. नायलॉन ताणलं की लांबतं, भिजलं की पाणी पितं, आणखी सैल होतं आणि थोडी ताकदही गमावतं. पॉलिएस्टर जवळपास पाणी पीत नाही आणि ताणाखाली फारसं सरकत नाही. अंगाखालच्या कापडात नायलॉनचा लवचीकपणा सुखाचा वाटतो. पट्टा नायलॉनचा असला तर मात्र रात्री खुर्चीच्या उंचीवर निजलेला माणूस पहाटे जमिनीला टेकलेला असतो. म्हणून झोळी नायलॉनची आणि पट्टे पॉलिएस्टरचे, ही जोडी मागून घ्यावी. दुकानदार सगळ्यालाच ‘नायलॉन’ म्हणतो, तेव्हा लेबल वाचावं.

पट्टा किमान इंचभर रुंद हवा, आणि तो झाडासाठी. पातळ दोरी चारशे किलोंच्या ताणाखाली सालीत रुतते. सालीच्या लगेच आतल्या थरांतून झाडाचं अन्न वाहतं, त्यामुळे सगळ्या घेराला रुतलेली दोरी म्हणजे झाडाच्या गळ्याचा फास. शिवाय दोरीला मारलेली प्रत्येक गाठ तिची ताकद बरीच कमी करते. एक-तृतीयांश घट सहज धरून चालावी. पट्ट्याला शिवलेल्या फासांची साखळी असते, तीत कडी अडकवली की गाठीचा प्रश्नच मिटतो. दोरीच वापरायची असेल तर सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक घरी शिकून घ्यावा, जंगलात बॅटरीच्या उजेडात नव्हे. कडीवरही आकडा कोरलेला असतो. गिर्यारोहणाच्या प्रमाणित कॅराबिनरवर 20 किलोन्यूटन किंवा अधिक असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे दोन हजार किलोंहून जास्त. तशीच दिसणारी किल्ल्या अडकवायची रंगीत कडी पन्नास रुपयांत मिळते. तिने किल्ल्याच सांभाळाव्यात.

आता झाडं. कागदावर सह्याद्री हिरवा दिसतो, पण गडांचे माथे बहुतेक उघडे असतात. कोकणकड्यावर किंवा कळसूबाईच्या शिखरावर हॅमॉक बांधायला जागा नाही. तिथे झोळी घेऊन जाणारा ती पांघरूनच परततो. तिचं खरं ठिकाण म्हणजे घाटाच्या पदरातली राई आणि किनाऱ्यावरचं सुरूचं बन. जांभूळ, हिरडा, साग, आंबा यांचे मांडीहून जाड, जिवंत बुंधे चालतात. पांगारा आणि शेवगा ठिसूळ, त्यांच्यावर भरवसा नको. काटेसावरीला मिठी कोण मारणार? आंब्यावर पट्टा टाकण्याआधी वर पाहावं: पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतील तर पट्टा हा त्यांच्यासाठी तुमच्या उशाकडे आलेला पूल होतो. आग्या मोहोळ असेल तर त्या राईतूनच निघावं. नारळाखाली झोपायचं नाही, हे कोकणात पोरालाही ठाऊक असतं, फक्त फोटो काढणारे पाहुणे विसरतात.

किहीम, काशीद, दिवेआगर इथलं सुरू सरळसोट आणि योग्य अंतरावर असतं, म्हणून पहिल्या प्रयोगाला उत्तम. तरी मुळांशी उघडी पडलेली वाळू आणि झुकलेला बुंधा बघून घ्यावा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा सुरूची आणि पोफळीची झाडं ओळीने आडवी झाली. उरलेल्यांत आतून हादरलेली आणि वाळलेली झाडंही आहेत. उभं आहे म्हणजे पक्कं आहे असं नाही. हाच नियम गडावरच्या दगडी खांबांना, तटातल्या सुट्या चिऱ्यांना आणि तोफांना लागू. आडवा ओढा सहन करायला ते बांधलेलेच नाहीत, आणि वारसा म्हणून त्यांना हात लावू नये हे वेगळंच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा भीमाशंकरच्या अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. तिथे झाडं कितीही मोहात पाडोत.

जमिनीपासून दीड फूट वर असण्याचा सर्वांत मोठा फायदा इकडे कुणी बोलून दाखवत नाही. मण्यार रात्री हिंडतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याच्या दंशाची अनेकदा जाणीवही होत नाही. झोळीत हा धोका बराच टळतो; उरतात ते सकाळी झटकायचे बूट. डासांचं उलट आहे. ते खालून येतात आणि पातळ नायलॉनवर पाठ टेकलेली असेल तर कापडातूनच सोंड खुपसतात. त्यामुळे मच्छरदाणी झोळीला सगळीकडून वेढणारी हवी किंवा पाठीखाली मॅट हवी. जाळीची वीण किती बारीक असावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषातल्या मच्छरदाणीला चौरस इंचात 156 छिद्रं असतात.

मॅटचं दुसरं काम थंडीचं. मे महिन्यात झोळीच्या खालून वाहणारी हवा स्वर्गसुख देते. डिसेंबरात भंडारदऱ्याला तीच हवा पाठीचा बर्फ करते, कारण स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपून निकामी होतो. परदेशात यासाठी झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची खास रजई मिळते. आजीची गोधडी तशी बांधली तर ऊब तीच, पण सुती गोधडी दोन किलोंची, दव पडलं की तीन. फोमची कॅरीमॅट बरी.

पावसाळ्यात छप्पर कितीही मोठं असो, पाणी पट्ट्यावरून चालत आत येतं. त्यावरचा इलाज फुकटातला आहे. छपराच्या आत पट्ट्याला सुती चिंधी बांधून लोंबती सोडायची. ओघळ तिच्यावरून खाली टपकतो, पुढे सरकत नाही.

घरी आल्यावर झोळी ओली पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली तर मुंबईची हवा उरलेलं काम करते: सुती असेल तर बुरशी, छपराचा लेप असेल तर चिकट थर. गॅलरीत वाळवावी, पण सावलीत, कारण नायलॉनचा खरा वैरी ऊन आहे. हौसेने खिडकीच्या ग्रिलला कायमची टांगून ठेवलेली झोळी काही महिन्यांत रंग सोडते आणि रंगाबरोबर जोरही. आणि ते ग्रिल माणसाच्या वजनासाठी नसतं ते नसतंच. दर ट्रेकनंतर टोकांच्या चुण्या आणि पट्ट्याची शिवण उजेडाकडे धरून पाहावी. टाका सुटलेला असेल तर गल्लीतल्या शिंप्याकडे न्यायला हरकत नाही, मात्र त्याने यंत्रात सुती रीळ ओवलेलं असेल तर ते काढायला लावावं. कापड दहा वर्षं टिकेल, दोरा दुसऱ्या पावसाळ्यात कुजेल. पॉलिएस्टरचं रीळ, बारीक सुई, कडेला दुमड घालून दोन ओळी शिवण. बहुतेक शिंपी आधी कापड हातात घेऊन विचारतात, हे नक्की छत्रीचंच ना?